वरची हवा

भात कापून रान मोकळं झालं की त्याच ओलीवर आमच्याकडे वाल टाकतात, आणि पौष-माघात त्या वालाला शेंगा धरल्या की आमच्या किनाऱ्यावरच्या माणसांना दुसरं काही सुचत नाही. मडकं आणा, पेंढा गोळा करा, बांधावरून भांबुर्डीचा पाला ओरबाडून आणा. पोपटी लावायची. भांबुर्डी हे एरवी कुणी ढुंकूनही न बघण्यासारखं झुडूप. पण मडक्यात शेंगांच्या खाली-वर तिचा पाला कोंबला, ओवा आणि जाडं मीठ टाकलं, मडकं उपडं घालून भोवती जाळ केला, की जो वास सुटतो त्यानं बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या डोक्यात तिडीक जाते. इतकी वर्षं झाली, तरी जाते.

आता या दिवसांत कुणी बोलावलं की मी प्रात्यक्षिक परीक्षेचं निमित्त सांगते. ते अगदीच खोटं नाही. मी गावाजवळच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि वालाच्या शेंगा नि बारावीची प्रात्यक्षिकं आमच्याकडे एकदमच येतात. उजळणीच्या तासाला खिडकीतून धूर येतो, मुलांचं लक्ष शेंगांकडे असतं आणि मी फळ्यावर मूत्रपिंड काढत असते. परवा उंचावरच्या माणसांचा भाग चालला होता. डोंगरावर हवा विरळ, दर श्वासात प्राणवायू कमी. मूत्रपिंडाला ते आधी कळतं, ते हाडांतल्या मगजाला निरोप धाडतं आणि मगज भराभर तांबड्या पेशी बनवायला लागतो. रक्त घट्ट होतं. पुस्तकात हे सगळं चार ओळींत आटोपलंय. तबस्सुम नावाची एक मुलगी आहे, पुढच्या बाकावर बसते आणि पुस्तकात नसलेलंच नेमकं विचारते. ती म्हणाली, "मॅडम, नि माणूस परत खाली आला तर? त्या जास्तीच्या पेशींचं काय होतं?"

"कमी होतात," मी म्हटलं. "थोड्या आठवड्यांत रक्त पहिल्यासारखं होतं. शरीर उंची फार दिवस लक्षात ठेवत नाही."

मुलांनी ते लिहून घेतलं. मी फळा पुसला. हे एवढं साधं वाक्य मला एकदा, माझ्या घरच्या माणसांसमोर, पुरतं बोलू दिलं नव्हतं.

आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. मधे सुरूची झाडं, मग वाळू. हवेला काही तोटा नाही. दुपारी वारा सुटला की वाळत घातलेले कपडे शेजारच्या वाडीत जाऊन पडतात. आणि अशा या गावात माझी आई आयुष्यभर श्वासासाठी भांडत आलेली आहे. तिचा दमा माझ्याहून वयानं मोठा. लहानपणी आम्हा भावंडांना झोपेतसुद्धा तिच्या छातीतली शिट्टी ऐकू यायची आणि ती थांबली की उलट दचकून जाग यायची. प्राणवायू नाकासमोर वाहत असताना तो आत घेता न येणं म्हणजे काय, हे मी पुस्तकाच्या आधी घरात शिकले. माझ्या विषयाचा नाद मला तिथूनच लागला असावा.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते अचानक गेले तेव्हा मी एम.एस्सी. होऊन नुकती आलेली, आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद हॉटेलचं काम शिकून. आईला एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही दोघं ओटीवर बसलो आणि ठरवलं. आधी तो बाहेर पडेल, चार वर्षं हात बसवून घेईल, मग परत येऊन घराला लागून दोन खोल्या काढील, पर्यटकांची खानावळ चालवील, आईकडे बघेल. मग मी जाईन. मला संशोधन करायचं होतं. "ताई, विटीदांडूसारखं," तो म्हणाला. "आधी माझा डाव, मग तुझा." लहानपणी विटीदांडू खेळताना स्वतःचा डाव झाला की त्याला नेमकी आईची हाक ऐकू यायची आणि तो घरी पळायचा. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

त्याला काम मिळालं ते लेहला. मराठी माणूस हिमालय बघायला जातो, पण सकाळी त्याला पोहे लागतात आणि संध्याकाळी वरणभात. सहली नेणाऱ्या मंडळींना तिथं आपल्याकडचा आचारी हवा असतो. आईला कोण आनंद झाला. "बुद्धाच्या मुलखात ग्येलाय माझा," ती दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, मासळीवालीलासुद्धा. "तिथं घराघरात बुद्ध हाय."

मला आनंद झाला तो वेगळ्याच कारणानं. जे मी पुस्तकात वाचत होते, त्यात माझा भाऊ जाऊन बसला होता. पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला, डोकं फुटतंय, झोप लागत नाही, जिना चढला तर धाप लागते. मी त्याला सांगितलं, धावपळ करू नकोस, पाणी पी, तुझं शरीर कामाला लागलंय. मूत्रपिंड, मगज, तांबड्या पेशी, सगळं फोनवर शिकवलं. तो पलीकडे कांदा चिरता चिरता "हं, हं" करायचा. "डाळ शिजत नाही ताई, पाणी आधीच उकळतं," म्हणायचा. त्याच्या स्वयंपाकघरात तिथलाच एक मदतनीस होता, स्टॅन्झिन. तो सिलिंडर खांद्यावर घेऊन, गाणं म्हणत जिना चढायचा. मी मिलिंदला म्हणायचे, त्याला विचार, त्याची आजी किती वर्षं जगली. त्याला विचार, त्यांच्याकडे बाळं जन्मतात ती गुटगुटीत असतात का. मिलिंद हसायचा. "असं कसं विचारू? सोयरीक जमवायचीय का?"

पण खरी गंमत स्टॅन्झिनमध्येच होती. आपल्यासारखा माणूस डोंगरावर गेला की त्याचं रक्त घट्ट होतं. ज्यांच्या कित्येक पिढ्या त्या उंचीवर नांदल्या, त्यांचं तसं होत नाही, किंवा अगदी बेताचं होतं. ते श्वास जास्त घेतात, त्यांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात, आईच्या पोटातल्या बाळाला पुरेसं रक्त पोचतं. त्यांच्या जनुकांतला एक धागा तर म्हणे आता नाहीशा झालेल्या कुठल्या पुरातन माणसांकडून आलेला आहे. दूर अँडीजच्या पठारावरच्या लोकांनी याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला, छाती रुंद आणि रक्त दाट. आणि त्या दाटपणापायी त्यांच्यातले काहीजण आजारीही पडतात. इथिओपियाच्या डोंगरांवर आणखी तिसरंच काही. कुणी ठरवून केलं नाही. ज्या आयांची लेकरं त्या हवेत जगली त्यांचा वंश पुढे चालला, बाकीच्यांची नोंद कुठंच नाही. हे वाचताना मला तहान-भूक राहत नसे.

मराठीत ‘मानवणे’ असं एक क्रियापद आहे. हवा मानवते, पाणी मानवतं, एखादीला सासर मानवतं. त्यात ‘मानव’ दिसतो म्हणून मी मुलांना सांगते की माणसाची हीच खरी व्याख्या, जिथं जाईल तिथलं त्याला मानवतं. ही व्युत्पत्ती बरोबर की माझ्या मनची, हे मराठीच्या सरांना विचारायची हिंमत मी केलेली नाही. पण या शब्दाची एक खोड मला फार उशिरा कळली. तो दुसऱ्याला तपासता येत नाही. ताटात वांगं वाढताना कुणी "मला मानवत नाही" म्हणालं की वाढणारा हात थांबतो. खरंच मानवत नाही का, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. तसं विचारणं म्हणजे वाईट वळण.

लेहचा मोसम उन्हाळ्याचा. थंडी पडली की तिथली हॉटेलं बंद होतात आणि मिलिंद घरी यायचा. पहिले काही दिवस सुस्तावलेला असायचा, मग वाडीत राबायचा, माडावर चढायचा, दिघीच्या जेट्टीवर जाऊन मासळी आणायचा, पोपटीचं मडकं तोच लावायचा. मडकं झालं की नाही हे बघायला त्यावर पाण्याचे थेंब टाकतात. थेंब पडल्या पडल्या चुर्र होऊन उडाला की झालं. त्याला ते अचूक कळायचं. आई त्याच्याकडे टक लावून बघत बसायची. ठरलेली चार वर्षं उलटली, मग पाचवं गेलं. "पुढच्या साली नक्की, ताई," म्हणायचा. मी थांबले. माझ्यावर राज्य होतं.

आणि मग तो हिवाळा आला. पुण्याला मला शिकवलेल्या सरांचा फोन आला. त्यांना लडाखमध्ये काम सुरू करायचं होतं, गावागावांत जाऊन तिथल्या लोकांचं आणि खालून गेलेल्या मजुरांचं रक्त, श्वास, बाळांची वजनं तपासायची. त्यांना हाताखाली माणूस हवं होतं. "तू अजून वाचतेस ना हे सगळं? ये मग. उन्हाळ्याच्या आत कळव." मी फोन ठेवला आणि वाडीत जाऊन उगाचच वाळत घातलेली सुपारी उलटीपालटी करत राहिले. इतकी खूश मी त्याआधी कधी झाले नव्हते, नंतरही नाही. मिलिंदला त्याच दिवशी सांगितलं. "वा ताई," तो म्हणाला. "येतोच आहे मी. बोलू."

तो आला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वाडीमागच्या मोकळ्या जागेत पोपटी लावली. मामा-मामी आले होते, शेजारच्या नलूकाकी होत्या. आईला शाल लपेटून खुर्चीवर, धुराच्या उलट्या अंगाला बसवलं होतं. पेंढा भडभड पेटत होता. मी मनातल्या मनात आईला कसं सांगायचं ते जुळवत होते. तेवढ्यात मिलिंद काटकीनं जाळ सारखा करता करता म्हणाला, "आये, मला हितलं आता मानवत नाही."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"डॉक्टर म्हणाले, रक्त घट्ट झालंय. वरच्या हवेचं झालंय आता. खाली जास्त दिवस राहिलो तर त्रास होईल."

"असं व्हतं काय?" मामा म्हणाले.

"ताईला विचारा की. तिचाच विषय हाय." आणि माझ्याकडे न बघता, जाळाकडे बघत म्हणाला, "उंचावर तांबड्या पेशी वाढतात. बरोबर ना ताई?"

"वाढतात," मी म्हटलं. "पण..."

"बघ," आई म्हणाली.

त्याच वेळी मामांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, चुर्र झालं, "झाली झाली" म्हणत सगळे उठले. मडकं बाजूला ओढलं, शेंगा केळीच्या पानावर पडल्या, अंडी कुणाला, बटाटे कुणाला. माझा ‘पण’ तिथंच राहिला. भांबुर्डीचा तो वास सगळीकडे पसरला होता. माझ्या हातात गरम शेंगा होत्या आणि त्या मला सोलता येत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला वाडीत गाठलं. "कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?"

तो माडांना पाणी नेणारे पाट मोकळे करत होता. कुदळ चालवतच राहिला.

"मिलिंद, घट्ट रक्त ही तिथला झाल्याची खूण नाही. पाहुणा असल्याची आहे. स्टॅन्झिनचं रक्त तुझ्याइतकं घट्ट नसेल, कारण ते घर त्याचं आहे. आणि खाली आलास की ते उतरतं. दर वर्षी उतरलंय. वर जास्त वर्षं काढलीस तर त्रास तिथं होईल, इथं नाही."

"माहीत हाय," तो म्हणाला. "तूच सांगितलेलंस फोनवर."

डॉक्टर वगैरे कुणी नव्हतेच. त्यानं तिथं एक घर चालवायला घेतलं होतं, पुढच्या मोसमापासून स्वतःचं लॉज. हे आईला सरळ सांगितलं असतं तर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून त्यानं माझ्याकडून शिकलेलं सगळं उलटं करून वापरलं. मी त्याला शिकवायला जेवढा जीव लावला होता, तेवढ्यानंच त्यानं माझी वाट बंद केली. राग येतो तो याचा. कुणी परका फसवतो तेव्हा निदान स्वतःची हत्यारं घेऊन येतो.

"वरची हवा डोक्यात गेलीय तुझ्या," मी म्हटलं.

तेव्हा तो खाली बसला. "ताई, तिथं कुणी आधी आडनाव विचारत नाही. इथं दिवेआगरला हॉटेलात काम मागायला गेलो होतो, आठवतं? मालकानं आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. मग म्हणाला, स्वयंपाकाला माणूस आहे आमच्याकडे, बाहेर झाडलोट करशील का? तिथं मी पोहे करतो आणि लोक खातात. तिथल्या म्हाताऱ्या मला बघून हात जोडतात, बुद्ध जन्मला त्या खालच्या मुलखातला म्हणून. धाप लागते, डोकं दुखतं, पण मला तिथं श्वास घेता येतो."

हे खरं होतं. हे मला लगेच कळलं, कारण हे सांगताना तो माझ्याकडे बघत होता. आणि हेच त्यानं मला आधी सांगितलं असतं तर? मी काय केलं असतं याचा मी पुष्कळ विचार केलाय. आम्ही मिळून काहीतरी मार्ग काढला असता. आईला घेऊन पुण्याला गेलो असतो, आणखी काही. पण त्यानं मला विचारलंच नाही. खरं कारण स्वतःपाशी ठेवलं आणि खोट्यावर माझी सही घेतली, तीही चारचौघांत.

मी आईपाशी गेले. सगळं समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगते तसं. वर गेलं की रक्त दाटतं, खाली आलं की उतरतं, मिलिंदला इथं काहीही होणार नाही, तो खोटं बोलतोय. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "त्याला न्हाय मानवत तर जबरदस्ती कशाला?" म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तू जा हो. माझं काय, पडेन हितं." त्याच आठवड्यात तिला जोराचा दमा उठला आणि तिला श्रीवर्धनला दवाखान्यात ठेवावं लागलं. तो दमा खरा होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिले. मिलिंद ठरल्याप्रमाणे गेला. सरांनी बरीच वाट पाहिली, मग दुसऱ्या एका मुलीला घेतलं. त्यांचा फोन आला तेव्हा ते फार अवघडून बोलत होते. मीच त्यांची समजूत घातली.

मिलिंद अजूनही येतो, पण चार-पाच दिवसांसाठी. "जास्त मानवत नाही," म्हणून निघतो. थाप एकदा मारली की ती निभवावी लागते. आई त्याच्याबरोबर सुक्या मासळीचा डबा देते आणि वळणावर जीप दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते. तो माझ्याशी नीट बोलतो, मीही बोलते. भांडलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटतं कधीकधी.

एवढी वर्षं मी एका गोष्टीच्या आधारावर काढली. फसवलं ते त्यानं, आई बिचारी फसली. शाळेत दुसरी-तिसरीपर्यंत गेलेली बाई, तिला पेशी-बिशी काय कळणार? लेकाच्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला, एवढंच. तिच्यावर मी कधी रागावले नाही. तिचं पथ्य, तिची औषधं, वाफारा द्यायचं मशीन, सगळं मी त्या समजुतीवर केलं. आम्ही दोघी एकाच माणसाकडून फसलोय असं मला वाटायचं, आणि त्यातून थोडी जवळीकही यायची.

काल दुपारी नलूकाकी आल्या होत्या. त्यांचा जावई लष्करात आहे, त्याची बदली लेहला झालीय. आई ओटीवर बसून वाल सोलत होती, मी आत भाकरी थापत होते. नलूकाकी काळजीनं म्हणत होत्या, "तिकडं ऱ्हाऊन माणसाचं रक्त बदलतं म्हणं. तुमच्या मिलिंदाचं झालं ना. सुट्टीत येईल तवा हितला उकाडा सोसंल का त्याला? पोर रडतंय माझं."

"काय न्हाय व्हत गं," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी सहज होता. "रक्त-बिक्त समदं उतरतं. आठ-पंधरा दिसात हितलं व्हतंय माणूस. रडू नको म्हणावं तिला."

तव्यावरची भाकरी तशीच राहिली. ती करपल्याचा वास आला तेव्हा मी गॅस बंद केला आणि नलूकाकी जाईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिले. मग बाहेर आले.

"आई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"रक्त उतरतं ते."

तिनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "दर साल यायचा त्यो. दोन दिस झोपायचा नि मग माडावर चढायचा. मला काय डोळं न्हाईत? नि तू सांगितलंस की तवा, हितं बसून."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

तिनं सुपातले दाणे हातानं सारखे केले. तिची छाती वाजत होती, नेहमीसारखी. "त्यो हितं ऱ्हायला असता तर तू ग्येली असतीस."

"आणि तो गेला ते चाललं तुला?"

"त्यो ग्येला तरी येतो चार दिस," आई म्हणाली. "तू आली नसतीस."

मी तोंड उघडलं. आले असते, असं तिच्या अंगावर ओरडायचं होतं. एवढी वर्षं माझ्या श्वासांवर तिनं आपले श्वास चालवले, तेही मला न विचारता, हे तिला ऐकवायचं होतं. ती सुपावरून मान वर करून माझ्याकडे बघत थांबली होती. पण मला ते म्हणता येईना, कारण तिनं मला बरोबर ओळखलं होतं. मी आले नसते.